फडावरची जयश्री, उंबऱ्याआतली जयश्री



वनहक्क, रोजगार हमी, घरातली मारहाण अशा विषयांच्या रांगेत आज दुपारच्या सत्राला एका सिनेनटीचं नाव पाहून काही जणींना हसू आलं असेल. जेवणानंतर कुणाला डुलकी लागू नये म्हणून ठेवलेली ही करमणूक आहे, असंही काहींना वाटलं असेल. तसं नाही. जयश्री गडकर हा विषय मी मागून घेतला आहे. आपण गावोगावच्या बायकांशी बोलतो ते बहुतेक त्यांच्या दुःखाबद्दल. त्यांना काय आवडतं, त्या कशात रमतात, कुणाचं उभं राहणं पाहून त्यांनी कधी आरशासमोर पदर सारखा केला, हे आपण विचारत नाही. आणि कुणी आपणहून सांगितलंच, तर आपल्यालाच त्या आवडीची जराशी लाज वाटते. ती लाज बाजूला ठेवून मला आज बोलायचं आहे.

इथे बसलेल्या तरुण मुलींना जयश्रीबाई ठाऊक असल्याच तर कौसल्या म्हणून. रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेत त्या कौसल्या होत्या आणि त्यांचे पती बाळ धुरी दशरथ. ती मालिका १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर आली आणि २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली, तेव्हा घराघरात परत पाहिली गेली. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना आठवते ती सोसणारी, रडणारी, शेवटी सगळ्यांची मनं जिंकणारी सून. आणि आजीच्या वयाच्या बायकांना विचारा, त्या आधी हसतात, मग इकडेतिकडे बघतात आणि मग बुगडीच्या गाण्याबद्दल बोलतात. बाई एकच, पण तीन पिढ्यांनी तिचे तीन तुकडे वाटून घेतले आहेत. हे असं का झालं, हा माझा प्रश्न आहे.

थोडक्यात तिची हकिकत सांगते. १९४२ साली कारवारजवळच्या कोकणीभाषक घरात जन्म. म्हणजे जिच्याकडे पाहून अख्ख्या महाराष्ट्राने 'अस्सल मराठमोळी, गावरान बाई' कशी असते ते ठरवलं, तिची मातृभाषा मराठी नव्हती. नऊवारीतली ती चाल, ते बोलणं, पदर खोचणं हे सगळं तिने कामातून शिकून घेतलं होतं. आपण 'उपजत' म्हणतो त्यातलं किती शिकवलेलं असतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सुचत नाही! व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (१९५५) ती समूहनृत्यात नाचली. नायिका संध्या पुढे, ही मागच्या रांगेत. मग 'दिसतं तसं नसतं'मध्ये छोटं काम मिळालं, १९५६ च्या 'गाठ पडली ठका ठका'मध्ये सूर्यकांतसोबत मोठं काम मिळालं, आणि १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं एका थिएटरात एकच चित्रपट! त्यानंतरचं दशक तिचं होतं. 'अवघाची संसार', 'मानिनी', 'वैजयंता', 'मोहित्यांची मंजुळा', 'सवाल माझा ऐका', 'साधी माणसं', 'मल्हारी मार्तंड', 'एक गाव बारा भानगडी'. हिंदीत पौराणिक चित्रपटांतून सीता झाली, पार्वती झाली. चार दशकांत दोनशेहून अधिक चित्रपट केले. उतारवयात दोन चित्रपट दिग्दर्शित केले, त्यांची नावं 'सासर माहेर' आणि 'अशी असावी सासू'. २९ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत ती गेली.

आता त्या नावांकडे जरा नीट बघा. 'सांगत्ये ऐका'. 'सवाल माझा ऐका'. तिचं आत्मचरित्र आहे, त्याचं नाव 'अशी मी जयश्री'. मराठी चित्रपटांची नावं बहुतेक वेळा कुणाबद्दल तरी असतात. ही नावं कुणीतरी बोलतंय अशी आहेत, आणि बोलणारी बाई आहे. 'सांगत्ये' हे रूपच बाईचं. पुरुष 'सांगतो' म्हणेल. म्हणजे पोस्टरवरच बाई सांगू लागली, आणि सगळ्या गावाला ऐकायला बसवलं.

'सांगत्ये ऐका'ची कथा पुष्कळ जणींना ठाऊक असेल, नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते. बैलांच्या शर्यतीवरून पाटलाचं एका शेतकऱ्याशी वैर येतं. शेतकऱ्याचा जीव जातो, त्याच्या बायकोवर पाटील अत्याचार करतो. तिच्या पोटी जन्मलेली मुलगी तमाशाच्या फडात वाढते, नावारूपाला येते, आणि त्याच गावात फडावर उभी राहून, त्याच माणसासमोर, आपल्या जन्माची हकिकत सांगते. पोलीस ठाण्यात नाही, पंचांपुढे नाही. जिथे बाईने फक्त दिसायचं असतं, तिथे ती बोलते. सगळं गाव तिच्याकडे टक लावून बघतंय, आणि त्या बघण्याचाच उपयोग करून ती पाटलाला उघडा पाडते.

आपल्यापैकी ज्यांनी अत्याचाराच्या केसेस हाताळल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की पहिली अडचण पुरावा ही नसते, बाईला चार लोकांत तोंड उघडता येणं ही असते. ग्रामसभेत बायका मागे, भिंतीला टेकून बसतात. सरपंच बाई असली तरी बोलतो तिचा नवरा. अशा ठिकाणी वाढलेल्या बाईने वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी जत्रेतल्या तंबूत बसून ते दृश्य पाहिलं असेल, तर तिला ते साठ वर्षांनी का आठवू नये? आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायका मला सांगतात की मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला, चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला फिरत्या टॉकीज यायच्या. जनरेटरचा आवाज, मधेच तुटणारी रीळ, बायकांचं वेगळं बसणं. एकदा सिंदेवाहीकडच्या एका आजीला मी विचारलं, त्या बाईत एवढं काय होतं? मला वाटलं, ती डोळ्यांबद्दल सांगेल. ती म्हणाली, "थे बाई बोलते ना जी, नुसती नाचत नाई." समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी दोन वर्षं जे वाचलं, त्यातलं पुष्कळसं या वाक्यात बसतं, असं मला तेव्हा वाटलं.

पण भाबडेपणाने पुढे जायला नको. ती जे बोलते ते तिचे शब्द नव्हेत. गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचं, पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, दिग्दर्शन अनंत मान्यांचं. गळा आशा भोसले यांचा. जयश्रीचा होता तो चेहरा आणि ते अंग. एका बाईच्या गळ्यातून आणि दुसऱ्या बाईच्या डोळ्यांतून पुरुषांनी लिहिलेली बाई बोलते आहे. बुगडीच्या गाण्यातली पोर चोरून कुणाला तरी भेटायला गेली आहे आणि घरी बापाला कळू नये म्हणून आर्जवं करते आहे. त्यातली गंमत पुरुषाच्या नजरेने बेतलेली आहे, यात वाद नाही. तरीही मला वाटतं, गाणं ज्या क्षणी बायकांच्या ओठांवर गेलं त्या क्षणी ते थोडं निसटलं. रोवणीला वाकलेल्या बायका ते गाणं म्हणतात तेव्हा समोर पुरुष नसतो. त्या एकमेकींकडे बघून हसतात. त्यांनाही कधी काळी कुणाला तरी भेटायला जावंसं वाटलं होतं, हे त्या अशा वेळी एकमेकींना सांगत असतात. आपण त्याला 'पुरुषी संस्कृतीचं अनुकरण' म्हणून मोकळ्या होतो, ते मला पटत नाही.

दुसरी गोष्ट जातीची. 'सांगत्ये ऐका'तली तमासगीर मुलगी जन्माने शेतकऱ्याच्या घरची आहे. फडावर ती आली ती अन्यायामुळे, नशिबाने. म्हणजे प्रेक्षकाला तिच्यावर प्रेम करायला मुभा मिळते, कारण ती 'त्यांच्यातली' नाही. प्रत्यक्षात फड ज्यांनी उभा केला, त्या कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या बायका. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. तमाशा चालू असताना बाळंत झालेली आणि नाळ दगडाने ठेचून पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई. राष्ट्रपतींच्या हातून दोनदा सन्मान झाला, आणि २००२ साली गेली तेव्हा हलाखीत गेली. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावाने पुरस्कार देतं. तमाशापटांचा पैसा थिएटरवाल्यांकडे गेला, निर्मात्यांकडे गेला, आणि तमाशातल्या बाईचा मान पडद्यावरच्या बाईला मिळाला. यात जयश्रीबाईंचा दोष काढायचा नाही. त्या मोलाने काम करणाऱ्या नटी होत्या. पण आपण त्यांचं कौतुक करताना ही दुसरी बाजू नजरेआड होऊ नये.

आणि तिसरी बाई याच चित्रपटात होती, हंसा वाडकर. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी सिनेमात आलेली, 'संत सखू' केलेली, 'लोकशाहीर रामजोशी'मधली बया. घरात मिळवती ती, आणि निर्णय इतरांचे. तिने १९७० साली आपलं आयुष्य सांगितलं तेव्हा पुस्तकाला नाव दिलं, 'सांगत्ये ऐका'. शब्दांकन अरुण साधूंचं. सिनेमाचं नाव घेऊन तिने ते खऱ्या अर्थाने वापरलं. दारू, मार, फसवणूक, स्वतःची चूक, स्वतःची इच्छा, काही लपवलं नाही. पुढे १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यावरून 'भूमिका' काढला, स्मिता पाटीलने ते काम केलं. चळवळीत आपण हंसाबाईंचं पुस्तक वाचतो, शिबिरात त्यातले उतारे घेतो. जयश्रीबाईंना मात्र आपण बाजूला ठेवलं, कारण त्यांच्या आयुष्यात आपल्याला हवी तशी शोकांतिका नाही. त्यांनी लग्न केलं, संसार केला, काम चालू ठेवलं, सन्मानाने म्हाताऱ्या झाल्या. सुखाने जगलेल्या नटीबद्दल काय बोलावं हे आपल्याला कळत नाही, असं मला कधी कधी वाटतं.

आता उंबऱ्याआतली जयश्री. १९६१ च्या 'मानिनी'त ती श्रीमंत घरातली मुलगी आहे, गरीब नवरा करते आणि माहेरच्या माणसांनी केलेला अपमान गिळून घेत नाही. बहिणाबाई चौधरींच्या कविता या चित्रपटातून गाणी होऊन घराघरात गेल्या. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' १९६५ चा. लोहाराचं जोडपं, भट्टी, भाता, ऐरण, आणि शहराच्या भुलावणीत सापडून झालेली फरपट. त्याला संगीत लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' या नावाने दिलं. म्हणजे त्या काळात एका बाईला संगीतकार म्हणून आपलं नाव झाकावंसं वाटलं, हीही एक नोंद करून ठेवा. त्यातली भट्टीजवळची जयश्री मला तिच्या सगळ्या रूपांत जास्त आवडते. तिथे तिचं सौंदर्य कामात आहे. अंगावर दागिना नाही, कपाळावर घाम आहे. आपल्याकडे तेंदूपानाच्या हंगामात पहाटे तीनला निघणाऱ्या बाईला, मोहफुलं वेचणाऱ्या बाईला पडद्यावर स्वतःसारखं काही पाहायला मिळालं असेल, तर ते तिथे.

पण या चित्रपटांमध्ये एक सौदा आहे. फडावरच्या बाईला शेवटी उंबरा मिळाला पाहिजे, कुंकू मिळालं पाहिजे, नाहीतर मरण. आणि उंबऱ्याआतल्या बाईने सोसत राहावं, म्हणजे शेवटी सगळे तिच्या पाया पडतील. ही दोन्ही दुकानं एकाच मालकाची. सत्तरनंतर जयश्रीबाईंच्या वाट्याला दुसरं दुकान जास्त आलं, आणि हळूहळू पहिलं पुसलं गेलं. ज्या बाईने फडावर उभं राहून पाटलाला जाब विचारला, तिची आठवण सासू-सुनेच्या सिनेमांतून आणि कौसल्येच्या रूपात उरली. समाजाला नाचणारी बाई हवी असते, फक्त म्हातारपणी ती सोज्ज्वळ झालेली बघायची असते.

इथे मला गडचिरोलीच्या दक्षिणेचा उल्लेख करायचा आहे, कारण भामरागड, एटापल्लीकडच्या काही जणी समोर आहेत आणि मघापासून त्या गप्प आहेत. त्यांच्या आजीने जयश्री पाहिली नाही. माडिया गावात रेला नाचतात तेव्हा बाया हातात हात गुंफून रांगेत नाचतात, आणि जो बघायला आला तोही थोड्या वेळाने नाचू लागतो. नाचणारी वेगळी आणि घरंदाज वेगळी, असे दोन कप्पेच तिथे नाहीत. त्या समाजात बाईला त्रास नाही असं मी म्हणत नाही, तुम्ही मला लगेच चार उदाहरणं द्याल. पण नाचण्यामुळे बाई बाटते, ही कल्पना सगळीकडे नसते, एवढं तरी त्यातून दिसतं. अलीकडे मंत्र्यांच्या स्वागताला मुलींना एकसारख्या साड्या नेसवून मंडपात रेला करायला लावतात. तेव्हा मात्र कप्पे तयार व्हायला लागतात. खुर्चीत बसलेले बघतात आणि उन्हात उभ्या असलेल्या नाचतात.

आता आपल्या दाराशी येऊ. दिवाळीनंतर मंडई सुरू होते. ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा, कुरखेडा, गावोगाव नाटक लागतं. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जमतात, आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. आपले जुने दंडार, खडीगंमत. त्यात बाईचं काम पुरुषच करायचे. मग नाटकात बाया आल्या, बऱ्याच नागपूरहून, काही इथल्याच. आता मंडळ्यांची कार्यालयं वडशाला आहेत. रेल्वेचं स्टेशन असल्याने ते सोयीचं. हंगामात शे-सव्वाशे रात्री काम करणाऱ्या बाया तिथे खोल्या घेऊन राहतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण त्या रंगभूमीवरच्या बाईचं नाव विचारलं तर आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल?

या बायांपैकी काहींशी मी गेल्या दोन हंगामांत बोलले. त्यांचं जे म्हणणं आहे ते त्यांच्याच क्रमाने सांगते, मी क्रम लावलेला नाही. कपडे बदलायला आडोसा नाही, पडद्यामागे साडी धरून उभं राहावं लागतं आणि फटीतून पोरं बघतात. लघवीला जागा नाही, म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायचं नाही. पाळी असली तरी सुट्टी नाही. पहाटे गाडीत झोप काढायची, दुपारी उठायचं, संध्याकाळी पुढचं गाव. ठरलेले पैसे कधी मिळतात, कधी 'पुढच्या नाईटला' म्हणतात. करार लेखी नसतो. लावणीला वन्समोअर मिळतो, नोट दाखवून जवळ बोलावतात, आणि नाही गेलं तर कंत्राटदाराचा चेहरा पडतो. एक जण म्हणाली, सकाळी त्याच गावात चहाला गेले तर रात्री शिट्ट्या मारणारा माणूस ओळख दाखवत नाही. त्याची बायको तर दार लावून घेते. दुसरी, वयाने मोठी, तिने सांगितलं की उभं राहायचं कसं, नजर कुठे ठेवायची, हे ती जयश्रीचे जुने चित्रपट बघून शिकली. आता ते सगळं मोबाईलवर आहे. नजर कुणा एकावर ठेवायची नाही, मागच्या अंधारावर ठेवायची. म्हणजे सगळ्यांना वाटतं आपल्याकडे पाहते, आणि ती कुणाकडेच पाहत नाही. कामाचं हे शहाणपण एका नटीकडून दुसरीकडे पडद्यावरून आलं आहे.

आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच काही महिला मंडळांचे ठराव आहेत. नाटकातला 'डान्स' बंद करा, डान्स असेल तर गावात नाटकाला परवानगी देऊ नका. मसुदा पाहायला माझ्याकडे आला. त्यामागचा राग मला समजतो. डान्सच्या वेळी दारू पिऊन गोंधळ होतो, पोरींना घरी जाताना त्रास होतो, नोटा उडवणाऱ्याच्या घरात दुसऱ्या दिवशी तेल नसतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली ती झाली, त्यासाठी तुमच्यापैकी कितीतरी जणी रस्त्यावर चालल्या, आणि २०२१ साली ती उठवली. ती उठवल्याचा राग अजून ताजा आहे. पण मला विचाराल तर दारूवरचा राग आपण नाचणाऱ्या बाईवर काढतो आहोत. ठरावात पिणाऱ्याचं नाव नाही, नोट उडवणाऱ्याचं नाव नाही, पैसे बुडवणाऱ्याचं नाव नाही. त्यात बंदी आहे ती फक्त तिच्यावर.

२००५ साली राज्य सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा महाराष्ट्रातल्या स्त्री संघटना दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं, पुन्हा नवा कायदा झाला, २०१९ मध्ये त्यातल्याही काही जाचक अटी काढल्या गेल्या. चौदा वर्षं न्यायालयात गेली. तोवर त्या बाया कुठे गेल्या, काय करत होत्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. आपल्या गावातल्या ठरावानेही तेच होईल. नाटक मंडळी दुसऱ्या गावाला जाईल, आणि तिथे त्या बाईला आणखी कमी पैशांत, आणखी वाईट जागेत नाचावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं की ठराव करा, पण वेगळा करा. नाटकाला परवानगी देताना ग्रामसभेने अट घालावी की स्टेजमागे बंद खोली आणि संडास असला पाहिजे. शाळेची एखादी खोली रात्रीपुरती देता येते. जवळ बोलावून नोटा देणं बंद. बक्षीस द्यायचं तर संयोजकाकडे द्यावं आणि ते नाव घेऊन त्या बाईपर्यंत पोचावं. ठरलेली रक्कम नाटक सुरू होण्याआधी हातात पडली पाहिजे. दारू पिऊन आलेल्याला आत घेऊ नये, आणि हे बघायला दारावर आपल्या मंडळाच्या चार बाया. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असली पाहिजे, असं तो कायदा सांगतो. नाटकातल्या बाईचं स्टेज हे तिचं कामाचं ठिकाण आहे. हे तिला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर त्या समितीवरच्या लोकांच्याही डोक्यात ते नसतं. आपण ते त्यांच्या डोक्यात घालू शकतो.

काही जणी म्हणतील, म्हणजे त्या लावणीला तुमचा पाठिंबा आहे? लावणीतलं सगळं मला आवडतं असं नाही. हल्लीची बरीचशी गाणी तर भंगार आहेत. पण आवड-निवड हा एक प्रश्न, आणि त्या बाईची मजुरी, तिची लघवीची सोय, तिचा मान हा दुसरा. पहिल्यावर आपण भांडत राहू. दुसऱ्यावर भांडायला वेळ लागू नये.

संध्याकाळी जेवणानंतर 'सांगत्ये ऐका' दाखवायचा विचार आहे. प्रोजेक्टर आहे, विजेचा भरवसा नाही. प्रत जुनी आहे, आवाज मधेमधे जातो, तेव्हा पुढे बसा. आणि उद्या सकाळच्या गटचर्चेला वडशाहून दोन कलाकार बाया येणार आहेत. रात्री त्यांचं नाटक आहे, गाडीतून थेट इथे येतील, म्हणजे झोप झालेली नसेल. त्यांच्यासाठी अंघोळीचं पाणी आणि दोन तास झोपायला जागा कोण बघतं, एवढं चहाच्या आधी ठरवून टाकू.